बोर्कीच्या अपघातानंतरचे आयकॉन : झारला दिलेली भेट कशी ओळखावी, तपासावी आणि जपावी

१८८८ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिमियाहून परतणारी झार तिसऱ्या अलेक्झांडरची खास गाडी खार्कोवच्या दक्षिणेला, बोर्की स्टेशनजवळ रुळांवरून घसरली. वीसहून जास्त माणसं मेली. झार, सम्राज्ञी मारिया फ्योदोरोव्हना आणि त्यांची पाचही मुलं वाचली. भोजनाच्या डब्याचं कोसळतं छप्पर झारने खांद्यावर तोलून धरलं, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. ती खरी असो नसो, आयकॉन (लाकडी फळीवर रंगवलेली संतांची पूजेची चित्रं) विकणाऱ्यांना ती फार आवडते. या घटनेनंतर रशियाभर आभाराच्या प्रार्थना झाल्या, चर्च आणि चॅपल उभी राहिली, घंटा ओतल्या गेल्या आणि आयकॉन तर उदंड रंगवले गेले.

पहिली गल्लत इथेच होते. या आयकॉनचे दोन प्रकार आहेत. एक, स्मरणार्थ केलेले. ते गावच्या चर्चमध्ये, शाळेत, रेजिमेंटमध्ये, कारखान्यात किंवा घरात लावायला बनवले गेले आणि राजवाड्याशी त्यांचा कधी संबंध आला नाही. दुसरा प्रकार खुद्द झारला किंवा त्याच्या कुटुंबाला अर्पण केलेल्यांचा: सरदारांच्या सभा, नगरसभा, व्यापारी मंडळं, लष्करी तुकड्या यांनी दिलेले. पहिल्या प्रकारचे आयकॉन आजही बऱ्यापैकी मिळतात, दुसऱ्याचे फार थोडे. विक्रीच्या वेळी मात्र पहिल्याला सर्रास दुसऱ्याचं नाव दिलं जातं. त्यामुळे तपासणीत दोन प्रश्न कायम वेगळे ठेवायचे: वस्तू त्या काळातली आहे का, आणि ती राजघराण्याला दिली होती का. पहिल्याचं उत्तर लाकूड, रंग आणि चांदी देतात. दुसऱ्याचं उत्तर कोरलेला मजकूर आणि कागदपत्रंच देऊ शकतात.

साधनं मोजकी लागतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, नायट्राइलचे हातमोजे, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा (त्यासाठीचा चष्माही), आणि टेबलावर पसरायला स्वच्छ फोमचा जाड तुकडा. सुती हातमोजे नकोत; त्यांचे धागे सुटलेल्या रंगाच्या कडेला आणि चांदीच्या नक्षीत अडकतात. आयकॉन दोन्ही हातांनी, बाजूच्या कडांना धरून उचला. वरची किनार किंवा धातूचं प्रभामंडळ धरून कधीही उचलू नका.

सुरुवात संतांपासून करा

बोर्कीच्या आयकॉनवर कोण हवं हे बरंचसं ठरलेलं आहे. कुटुंबातल्या प्रत्येकाचा नामसंत, म्हणजे त्याच नावाचा संत, असतो: झारसाठी अलेक्झांडर नेव्स्की, सम्राज्ञीसाठी मग्दालीया मरिया (हातात सुगंधी तेलाचं पात्र), निकोलाय या थोरल्या मुलासाठी बिशपच्या वेशातला संत निकोलाय, गिओर्गीसाठी भालाधारी योद्धा गिओर्गी, क्सेनियासाठी त्याच नावाची साध्वी, मिखाइलसाठी त्वेरचा संत राजपुत्र मिखाइल, आणि धाकट्या ओल्गासाठी मुकुट नि क्रूस घेतलेली राणी ओल्गा. त्यांच्या जोडीला त्या तारखेचे संत येतात. अपघाताचा दिवस, म्हणजे जुन्या पंचांगातला १७ ऑक्टोबर, हा संदेष्टा होशेय आणि क्रीटचा हुतात्मा साधू आंद्रेय यांचा दिवस. होशेयला आयकॉनवर ओसिया म्हणतात. हे दोघं आणि कुटुंबाचे नामसंत एकत्र दिसले की घटना जवळजवळ नक्की झाली. वरच्या भागात बहुतेक वेळा ख्रिस्ताची ‘हातांनी न घडवलेली’ मुखप्रतिमा असते, कारण त्या प्रवासात झारजवळ अशा एका प्रतिमेची प्रत होती आणि बचावाचं श्रेय तिला दिलं गेलं.

तारखेचे संत वेगळे असतील तर आयकॉन दुसऱ्याच एखाद्या बचावाचा असू शकतो. दुसऱ्या अलेक्झांडरवर ४ एप्रिल १८६६ ला पीटर्सबर्गच्या समर गार्डनपाशी गोळी झाडली गेली. तो दिवस स्तोत्रकार योसिफचा. २५ मे १८६७ ला पॅरिसमध्ये झालेला हल्ला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तिसऱ्यांदा सापडल्याच्या सणाला झाला. २ एप्रिल १८७९ च्या हल्ल्यासाठी संत तीत आणि ५ फेब्रुवारी १८८० च्या विंटर पॅलेसमधल्या स्फोटासाठी संत अगाथा शोधा. पुढे झार झालेल्या निकोलायवर जपानमधल्या ओत्सू इथे २९ एप्रिल १८९१ ला तलवारीचा वार झाला. त्या दिवशी सिझिकसच्या नऊ हुतात्म्यांचा सण असतो.

काळ तपासायलाही संत उपयोगी पडतात, आणि बनावट करणारे इथे हमखास चुकतात. सारोवच्या सेराफिमला चर्चने १९०३ मध्ये संत घोषित केलं. तो प्रभामंडळासह दिसला, तर ते चित्र, निदान तेवढी आकृती, १८८८ ची नाही. क्सेनियाच्या जागी रोमची साध्वी क्सेनिया हवी, डोक्यावर वस्त्र घेतलेली. लाल जाकीट, हिरवा घागरा आणि हातात काठी असलेली पीटर्सबर्गची क्सेनिया परदेशातल्या रशियन चर्चने १९७८ मध्ये आणि मॉस्कोने १९८८ मध्ये संतपदी बसवली.

तारीख

रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग चाले. एकोणिसाव्या शतकात ते आपल्या नेहमीच्या दिनदर्शिकेच्या १२ दिवस मागे होतं, १९०० च्या मार्चपासून १३ दिवस मागे आहे. म्हणजे बोर्कीचा अपघात आपल्या हिशेबाने २९ ऑक्टोबरचा. अस्सल आयकॉनवर ‘१७ ऑक्टोबर’ असं लिहिलेलं असतं. कोरीव मजकुरात नुसतं ‘२९ ऑक्टोबर’ आलं तर तो मजकूर आधुनिक पुस्तक पाहून कोरला असण्याची शक्यता दाट आहे. ओत्सूच्या बाबतीत ‘२९ एप्रिल’ बरोबर आणि ‘११ मे’ संशयास्पद.

कोरलेला मजकूर

अर्पणाचा मजकूर बहुधा खालच्या किनारीवर, मागच्या बाजूच्या धातूच्या पट्टीवर किंवा लाकडी काचपेटीवर असतो. या पेटीला किओत म्हणतात. मजकुराची पहिली कसोटी व्याकरणाची नाही, आशयाची: कोणाला, कोणाकडून, कधी, कशासाठी. ‘व पाम्यात चुदेस्नागो स्पासेनिया’, म्हणजे चमत्कारिक बचावाच्या स्मरणार्थ, एवढंच असेल तर तो स्मरणार्थ केलेला आयकॉन. ‘येगो इम्पेरातोर्स्कोमू वेलिचेस्त्वू’ म्हणजे सम्राटांना, असं संबोधन आणि पुढे देणाऱ्या संस्थेचं नाव असेल, तर तो भेटीचा असू शकतो. नुसता दुमुखी गरुड काहीच सिद्ध करत नाही. तो राजाश्रय मिळालेल्या सराफांच्या शिक्क्यातही असतो.

दुसरी कसोटी लिपीची. १९१८ च्या सुधारणेने रशियन लेखनातून काही अक्षरं गेली. त्याआधीच्या मजकुरात व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी कठोर चिन्ह लागतंच, म्हणजे ‘अलेक्झांडर’च्या शेवटीही ते हवं. स्वराच्या आधी येणारा ‘इ’ नेहमी टिंब असलेल्या उभ्या रेघेचा असतो, म्हणून ‘मारिया’ आणि ‘स्पासेनिया’ या शब्दांत तो शोधा. ‘चुदेस्नागो’मध्ये शेवटी ‘-आगो’ हवं, आजच्यासारखं ‘-ओगो’ नको. रशियन येत नसेल तरी छापील नमुना शेजारी ठेवून ही तीन ठिकाणं जुळवता येतात.

तिसरी कसोटी कोरणीची, आणि ती भिंगाखालीच होते. चांदीवर सोन्याचा मुलामा असेल तर अक्षरांच्या खोबणीत पाहा. आधी कोरून मग मुलामा दिला असेल तर खोबणीही सोनेरी दिसते. मुलामा कापून कोरलेल्या अक्षरांत पांढरी किंवा काळवंडलेली चांदी दिसते. एवढ्यावरून लगेच बनावट म्हणू नका. तयार आयकॉन विकत घेऊन त्यावर अर्पणाचा मजकूर कोरून घेण्याची पद्धत तेव्हाही होती. पण शंभरावर वर्षं हाताळलेल्या खोबणीच्या कडा बोथट होतात आणि तळाशी मळ घट्ट बसतो. कडा धारदार, तळ चकचकीत आणि आजूबाजूची नक्षी मात्र झिजलेली, अशी जुळणी वाईट. पट्टी वेगळी ठोकलेली असेल तर तिच्या चुकांची (बारीक खिळ्यांची) भोकं मोजा. पट्टीखाली जास्तीची भोकं असतील किंवा तिच्याभोवती दुसऱ्याच आकाराच्या पट्टीची सावली उमटलेली असेल, तर ती नंतर बसवली आहे.

चांदीवरचे छाप

आयकॉनवरच्या धातूच्या आवरणाला ओक्लाद किंवा रीझा म्हणतात. रशियन चांदीचा कस झोलोत्निकमध्ये मोजत. ९६ म्हणजे शुद्ध. ‘८४’ छाप म्हणजे हजारात ८७५ भाग चांदी, ‘८८’ म्हणजे सुमारे ९१६. भेटीच्या कामात ८४ सर्वांत जास्त आढळतो. छाप खालच्या कडेला, दुमडीत असतात. प्रभामंडळ, मुकुट, कोपऱ्यांचे तुकडे वेगळे बनवून जोडलेले असतील तर त्यांवरही वेगळे छाप असतात. प्रत्येक छाप वाचा आणि टिपून ठेवा. मोठ्या सराफाचा शिक्का असलेला एक छोटा तुकडा साध्या ओक्लादवर डाख देऊन बसवणं ही जुनी युक्ती आहे. छापाभोवती डाखाची रेघ किंवा धातूच्या रंगात फरक दिसला की थांबा.

१८८८ ते १८९१ च्या कामावर शहराचा छाप (मॉस्कोसाठी ड्रॅगन मारणारा गिओर्गी, पीटर्सबर्गसाठी एकमेकांवर आडवे जहाजाचे नांगर आणि राजदंड), कस तपासणाऱ्याची आद्याक्षरं आणि बहुधा वर्ष असतं. पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचं डोकं १८९९ पासून आलं. १९०८ पर्यंत ते डावीकडे पाहतं, नंतर उजवीकडे. हा छाप असलेला ओक्लाद १८८८ च्या कोरीव तारखेसोबत आला, तर ओक्लाद घटनेनंतर दहाएक वर्षांनी तरी बनला आहे. तो खोटाच असेल असं नाही, दहाव्या किंवा पंधराव्या वर्षाच्या स्मरणार्थही काम होत असे. मात्र ‘अपघातानंतर लगेच दिलेली भेट’ हा दावा तिथेच संपतो. ओव्चिन्निकोव्ह, ख्लेब्निकोव्ह ही मॉस्कोतल्या सराफांची नावं या प्रकारच्या कामात अपेक्षित आहेत. फाबेर्जेचा शिक्का दिसला की आनंदाआधी संशय यावा; खोटा मारला जाणारा शिक्का बहुधा तोच असतो.

पाठ, लाकूड आणि रंग

आयकॉन फोमवर पालथा करण्याआधी समोरून तिरका प्रकाश टाका. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरली की उचललेला रंग फोडासारखा दिसतो. तसं काही दिसलं तर पालथा करू नका. दुसऱ्या माणसाने आयकॉन उभा धरावा आणि तुम्ही मागून पाहावं.

फळी बहुतेक लिंडेन, पाइन किंवा सायप्रसची असते. महाग भेटींसाठी सायप्रसला पसंती होती. वाकू नये म्हणून तिला आडव्या पट्ट्या बसवतात, त्या श्पोन्की. पूर्वी या पट्ट्या पाठीवर खाचेत सरकवत, एकोणिसाव्या शतकात वरच्या आणि खालच्या टोकाला बसवणं रूढ झालं. माप घ्या: एक वेर्शोक ४.४४५ सेंटिमीटरचा, त्यामुळे ७ बाय ६ वेर्शोकचा आयकॉन सुमारे ३१ बाय २७ सेंटिमीटर भरतो. जुनी फळी रंगाच्या बाजूने किंचित फुगलेली असते, कारण रंग आणि अस्तर समोरून ओलावा अडवतात आणि मागची उघडी बाजू आकसते. पूर्ण सपाट, कडा कोऱ्या असलेली फळी एकतर नवी असते किंवा मागून तासलेली.

भेटीच्या आयकॉनची पाठ बहुधा मखमलीने झाकलेली असते. ती काढू नका. चिठ्ठ्या आणि यादीतले क्रमांक तिच्यावरच चिकटवलेले किंवा रंगवलेले असतात. क्रांतीनंतर राजवाड्यांतल्या वस्तूंच्या याद्या झाल्या आणि १९२० ते १९३० च्या दशकांत सोव्हिएत सरकारने त्यांतल्या पुष्कळ परदेशात विकल्या. म्हणून एकाच पाठीवर दोन-तीन क्रमांक सापडणं स्वाभाविक आहे. प्रत्येकाचा पट्टीसह फोटो घ्या, पुसट वाटला तर अतिनील प्रकाशातही घ्या. पुसट शाई त्यात कधी कधी वाचता येते.

चित्राची रचना थरांची आहे: लाकूड, त्यावर कधी कापड, मग खडू आणि सरस यांचं पांढरं अस्तर (लेवकास), अंड्याच्या बलकातले रंग किंवा त्या काळात तैलरंगही, आणि वर जवसाच्या तेलाचं वार्निश (ओलीफा). अतिनील दिव्याखाली जुनं वार्निश धुरकट हिरवट-पिवळं चमकतं आणि नंतरचे रंगाचे ठिगळ गडद डाग दिसतात. अर्ध्याहून जास्त चेहरा गडद दिसत असेल तर तो चेहरा नव्याने रंगवलेला समजा. खरे तडे अस्तरापासून वर येतात आणि पुष्कळदा लाकडाच्या रेषांना समांतर धावतात. सगळीकडे सारख्या जाळीचे, फक्त वार्निशमध्ये असलेले तडे कृत्रिम. प्रयोगशाळेत रंगाचं क्ष-किरण विश्लेषण करता आलं तर टायटॅनियम शोधायला सांगा. टायटॅनियमचा पांढरा रंग पहिल्या महायुद्धानंतर चित्रकारांच्या वापरात आला.

ओक्लादखाली पूर्ण चित्र आहे की फक्त चेहरे आणि हात, याची उत्सुकता सगळ्यांना असते. स्वस्त कामात फक्त दिसणारा भागच रंगवत. पण ते पाहायला ओक्लाद काढू नका. चुका उपसताना अस्तराचे कण सोबत येतात, आणि परत बसवताना चूक जुन्या भोकात घट्ट बसत नाही म्हणून नवं भोक पाडलं जातं. त्याने वस्तूही बिघडते आणि ओक्लाद मूळचाच आहे याचा पुरावाही जातो. आयकॉनचा जाणकार संवर्धकच हे काम करू शकतो.

राजघराण्याशी नातं

इथे कागद बोलतात. पटेल असा माग असा दिसतो: अर्पणाची त्या काळच्या वर्तमानपत्रातली किंवा संस्थेच्या नोंदींतली बातमी, राजवाड्याच्या यादीतला क्रमांक, मग विक्रीची पावती किंवा लिलावाचा कॅटलॉग. दुसरा मार्ग कुटुंबाचा. मारिया फ्योदोरोव्हना १९१९ मध्ये क्रिमियातून ब्रिटिश युद्धनौकेने बाहेर पडली आणि १९२८ मध्ये डेन्मार्कमध्ये वारली. क्सेनिया इंग्लंडमध्ये, ओल्गा आधी डेन्मार्क आणि मग कॅनडात राहिली. त्यांच्याकडून आलेल्या वस्तूला या देशांतला मागोवा असायला हवा. ‘एका सरदार कुटुंबाकडून’ हे वाक्य पुराव्यात धरू नका. खरेदीआधी इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत शोध घ्या. चर्चमधून चोरलेले आयकॉन तिथे बरेच आहेत. वस्तू रशियातून यायची असेल तर शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू बाहेर नेण्यावर तिथे कडक निर्बंध आहेत हे धरून चाला.

जपणूक

सगळ्यात मोठा शत्रू ओलाव्यातला चढउतार. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, अस्तराला तेवढं ताणता येत नाही, म्हणून रंग रेषांच्या दिशेने उचलला जातो. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि तापमान १८ ते २२ अंश ठेवा, आणि एका दिवसात आर्द्रता दहा टक्क्यांहून जास्त हलू देऊ नका. एखाद्या जागी ती वर्षानुवर्षं ५८ टक्के स्थिर असेल तर ती जागा बदलू नका. आकडा आदर्श करण्याच्या नादात आयकॉनला धक्का बसतो. बाहेरची भिंत, हीटर, एसीची झोत आणि थेट ऊन टाळा. चित्रावर १५० ते २०० लक्सपर्यंत प्रकाश पुरतो. मखमल उघडी मांडायची असेल तर ५० लक्स.

तेलाचा दिवा समोर लावायची परंपरा आहे, पण जुन्या आयकॉनखाली ज्योत नको. काजळी वार्निशमध्ये बसते आणि उष्णता खालच्या किनारीचं अस्तर सोडवते. काचपेटीची काच चित्राला टेकू देऊ नका, नाहीतर मागे दव धरून बुरशी येते.

धूळ फक्त रंग घट्ट असेल तरच झटका, मऊ कोरड्या ब्रशने. पाणी, तेल, कांदा, बटाटा, पावाचा गर यांपैकी काहीही लावू नका. असल्या ‘घरगुती’ सफाईने गेलेले चेहरे परत आणता येत नाहीत. चांदी काळवंडली तर तिला बुडवायच्या द्रावणाला हात लावू नका. द्रव चुकांच्या भोकांतून लाकडात उतरतो आणि मुलामा असलेल्या जागी सोनं पातळ होतं. पॉलिशची पांढरी भुकटी नक्षीत आणि मिन्याच्या कडांत साचून राहते ती वेगळीच. काळवंडणं थांबवायला पेटीतून लोकर, नमदा आणि रबर काढून टाका, कारण त्यांतून गंधकाची वाफ सुटते, आणि पाठीमागे गंधक शोषणारं कापड ठेवा.

भोकांखाली फिकट, ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. आयकॉन प्लास्टिकमध्ये वेगळा ठेवा आणि संवर्धकाकडून ऑक्सिजन काढून घेण्याची प्रक्रिया करवून घ्या. तिला काही आठवडे लागतात. औषध टोचणं किंवा गोठवणं रंगवलेल्या फळीला घातक आहे.

हलवताना आधी आम्लविरहित टिश्यू, मग पॉलिथीन, मग फोमची पेटी. बबल रॅप थेट रंगावर लावला तर त्याचे गोल ठसे वार्निशवर उमटतात. आयकॉनचं तोंड वरच्या दिशेला, आडवं ठेवा, म्हणजे सुटलेला तुकडा जागेवर राहतो. पोचल्यावर पेटी चोवीस तास बंदच राहू द्या. उघडल्यावर टिश्यूत रंगाचे कण सापडले तर ते फेकू नका. छोट्या डबीत घालून, कुठल्या कोपऱ्यात मिळाले ते लिहून संवर्धकाला द्या.